गळतीचा शोध

कौलारू घरात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना गळती म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मृगाच्या पहिल्या सरी येतात आणि माजघरात, नेमके अंथरूण घालावयाच्या जागी, थेंब पडू लागतात. घरातली बाई लगबगीने पातेले आणून मांडते. घरातला पुरुष शिडी लावतो आणि पातेल्याच्या बरोबर वर जे कौल असेल ते उचलून पाहतो. ते कौल धडधाकट असते. तरीही तो ते बदलतो. दुसऱ्या दिवशी थेंब पुन्हा त्याच पातेल्यात पडतो. मग शाकारणीचे काम करणारा एखादा म्हातारा गडी बोलावला जातो. तो पातेल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो वाशाच्या कडेने आपली नजर हळूहळू वर नेतो, आढ्याजवळच्या एका कौलापाशी थांबतो आणि म्हणतो, ''पाणी शिरलंय तिथं. इथं ते नुसतं उतरलंय.''

हे वाक्य मी लहानपणी ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र मला उतारवयात, आणि तोही आपल्या देशापासून हजारो मैलांवर, जर्मनीतील एका बर्फाळ रात्री पुरतेपणी कळला. त्या रात्रीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. हकीकत एका लहानशा यंत्राची आहे. परंतु यंत्राच्या निमित्ताने आपण आपल्या विचार करण्याच्या रीतीचीही थोडी तपासणी करू.

माझा एक पुतण्या श्टुटगार्ट येथे नोकरीस आहे. हे शहर आपल्या मुंबईचे १९६८ पासूनचे भगिनी-नगर. युरोपात सुट्टीच्या दिवसांत मोटरहोम घेऊन हिंडण्याची मोठी हौस आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. आपण त्याला घरगाडी म्हणू. मालवाहू मोटारीएवढ्या त्या गाडीत झोपावयास फळ्या, दोन शेगड्यांची चूल, पाण्याची टाकी, दिवे, सारा संसार मांडलेला असतो. माझ्या पुतण्याने अशीच एक जुनी घरगाडी विकत घेतली होती. जानेवारीतल्या एके दिवशी तो, सूनबाई, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि मी असे चौघेजण श्वार्त्सवाल्ड नावाच्या अरण्यप्रदेशातील टिटिसे ह्या सरोवराच्या काठी मुक्कामाला गेलो. जागा समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास उंच. देवदारासारख्या वृक्षांच्या फांद्या बर्फाने लवलेल्या. संध्याकाळी पारा शून्याखाली चार अंश होता, आणि पहाटेपर्यंत तो नऊ अंशांखाली उतरणार होता.

अशा थंडीत पत्र्याच्या घरात माणूस राहतो कसा? त्याचे उत्तर म्हणजे डिझेलवर चालणारा हीटर. हा उद्योग मुख्यत्वे जर्मनीत वाढला. त्यातील दोन नामांकित कारखान्यांचा उगम नेकार नदीकाठच्या एस्लिंगन ह्या एकाच गावात झाला, ही मौजेची गोष्ट आहे. एक याकोब एबरश्पेखर ह्यांनी १८६५ मध्ये काढला, दुसरा विल्हेल्म बायर ह्यांनी १९०१ मध्ये. बायर ह्यांचा कारखाना पुढे श्टॉकडॉर्फ येथे गेला, आणि संस्थापकाचे नाव व गावाचे नाव ह्यांतील अक्षरे जुळवून 'वेबास्टो' हे नाव तयार झाले. आता जगात असे हीटर अनेक ठिकाणी बनतात. आमच्या गाडीतला हीटर कोणाचा होता, ह्याला ह्या हकीकतीत काही महत्त्व नाही, कारण दोष त्याचा नव्हताच.

ह्या यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. ती अवघड नाही. गाडीच्या इंजिनाची जी डिझेलची टाकी असते, तिच्यातूनच एक बारीक नळी निघते. ती गाडीच्या तळाशी बसविलेल्या एका लहानशा विजेच्या पंपाकडे जाते. हा पंप इंधन सलग वाहू देत नाही. तो ठोक्याठोक्याने, प्रत्येक ठोक्याला थेंबाचाही एक अंश, असे मोजून इंधन पुढे ढकलतो. मंद चालीवर त्याचा 'टिक्‌ टिक्‌' असा आवाज सेकंदाला एकदा-दोनदा ऐकू येतो. पंपापासून दुसरी नळी हीटरकडे जाते. तेथे धातूच्या एका बंद कोठडीत बारीक जाळी असते. ती डिझेलने भिजते, विजेने लाल होणारी एक पिन तिला पेटविते आणि ज्योत सुरू होते. ह्या ज्योतीला लागणारी हवा गाडीच्या तळाखालून येते, आणि तिचा धूरही एका धातूच्या नळीने तळाखालीच बाहेर जातो. खोलीतली हवा त्या तापलेल्या कोठडीच्या केवळ बाहेरच्या अंगाला स्पर्श करून परत खोलीत येते. ज्योतीची हवा आणि माणसांची हवा ह्यांची कधीही भेट होत नाही.

येथेच आपल्या शेगडीत आणि ह्या हीटरमध्ये मूलभूत भेद आहे. आपल्याकडे उत्तरेत हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून घरगाडीत ह्या वायूची सूचना देणारी घंटी भिंतीवर लावलेली असते. आमच्या गाडीतही ती होती आणि चालू होती.

हा हीटर मंद चालीवर तासाला सुमारे १०० मिलिलिटर, आणि पूर्ण चालीवर पाव लिटरच्या आसपास डिझेल घेतो. म्हणजे रात्रभरात लिटर-दीड लिटर. एवढ्याशा इंधनावर चार माणसे सुखाने झोपतात. मात्र त्यासाठी ते इंधन टाकीपासून ज्योतीपर्यंत पाच-सहा सांध्यांतून, एकही थेंब न सांडता, पोचले पाहिजे.

त्या संध्याकाळी मी सरोवराच्या काठाने एक फेरी मारून परत आलो. गाडीचे दार उघडताच डिझेलचा वास आला. माझे बहुतेक आयुष्य मोटारींच्या कर्मशाळेत गेलेले असल्याने ह्या वासाची आणि माझी जुनी ओळख. मी पुतण्याला विचारले, ''अरे, तुला वास येत नाही का?'' तो म्हणाला, ''नाही काका, इथे तर काहीच नाही.'' सूनबाईंनाही येत नव्हता. छोटी तर फळीवर पाय पसरून चित्रे रंगविण्यात गढली होती. येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. नाक हे उत्तम पहारेकरी आहे खरे, परंतु ते फार लवकर थकते. एकच वास काही मिनिटे घेत राहिले की नाक त्याची नोंद घेण्याचे सोडून देते. आत बसलेल्यांना वास येत नाही, ह्याचा अर्थ वास नाही असा होत नाही. मी दोघांनाही पाच मिनिटे बाहेर थंडीत उभे केले आणि मग आत पाठविले. पुतण्या दारातच थबकला.

आम्ही हीटरचे बटण बंद केले. असे केल्यावर इंधन थांबते, परंतु आतील पंखा आणखी काही मिनिटे फिरत राहतो आणि तापलेली कोठडी निववितो. घाईने बॅटरीचीच तार ओढून काढली तर ती उष्णता आत कोंडते आणि यंत्राची हानी होते. ज्वाळा दिसत असतील तर गोष्ट निराळी. मग यंत्राचा विचार न करता माणसे बाहेर काढावीत. आमच्याकडे तशी वेळ नव्हती. घंटी मुकी होती. आम्ही खिडक्या उघडल्या, मुलीला लोकरीत गुंडाळून सूनबाईंबरोबर मुक्कामाच्या जागेच्या मालकाच्या उबदार कचेरीत धाडले आणि बॅटरीचा दिवा घेऊन तळाखाली डोकावलो. जमीन सपाट होती आणि गाडी तिच्या चारही चाकांवर उभी होती. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्याचे धाडस मी माझ्या हाताखालच्या मुलांना कधी करू दिले नाही, आणि ह्या वयात स्वतःही केले नाही.

बर्फावर दोन डाग होते. दोन्ही गाडीच्या मध्यावर, हीटर जेथे बसविला होता त्याच्या खाली. एक धूर सोडणाऱ्या नळीच्या टोकाशी, दुसरा तिथून वीतभर अंतरावर. आणि येथे मी, चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेला मनुष्य, घाईने बोलून गेलो, ''हीटरच आतून फुटलेला दिसतो. खोलावा लागेल.'' थेंब जेथे पडला होता त्याच्या बरोबर वर हीटर होता. पातेल्यावरचे कौल मी उचलावयास निघालो होतो.

पुतण्या पाना आणावयास गेला तेवढ्या दोन मिनिटांत मला तो शाकारणीचा गडी आठवला. मी स्वतःलाच म्हटले, आधी हे तर पाहू की हा थेंब कशाचा आहे.

ह्याची परीक्षा सोपी आहे. कोरा पांढरा कागद थेंबाखाली धरावा. पाण्याचा डाग सुकला की नाहीसा होतो. डिझेलचा डाग राहतो, आणि कागद उजेडात धरला तर त्या जागी तो तेलकट, पारदर्शक दिसतो. आम्ही दोन कागद दोन थेंबांखाली धरले आणि मग ते कचेरीतल्या उबेला नेऊन ठेवले. धुराच्या नळीखालचा कागद काही वेळाने स्वच्छ झाला. ते पाणी होते. ह्यात नवल काही नाही. डिझेल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, आणि हिशेब केला तर एक लिटर डिझेलमागे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड नळीत ती वाफ ठिबकू लागते. कित्येक लोक ह्या निरुपद्रवी थेंबाला घाबरून हीटर दुरुस्तीला नेतात. दुसरा कागद मात्र तेलकट राहिला. गळती खरी होती, पण ती एकच होती, दोन नव्हत्या.

आता दुसरा प्रश्न, हा थेंब येतो कोठून? डिझेल हा मोठा फिरस्ता पदार्थ आहे. पेट्रोल सांडले तर उडून जाते, पाणी सांडले तर थेंबाथेंबाने खाली पडते. डिझेल मात्र पृष्ठभागाला चिकटून, पातळ थर करून, नळीच्या कडेने किंवा तारेच्या वेष्टनावरून हातभर दूर सरपटत जाते, आणि जेथे उतार संपतो तेथे थेंबाच्या रूपाने प्रकट होते. म्हणून ओला भाग पाहून निदान करू नये. सगळाच भाग ओला असतो. आधी सगळे कोरडे करावे, आणि मग सर्वांत प्रथम कोठे ओलसर होते ते पाहावे.

आम्ही जुन्या फडक्यांनी टाकीपासून हीटरपर्यंत दिसेल ती नळी, दिसेल तो सांधा पुसून घेतला. मग सूनबाईंकडून छोटीची पावडर मागवून घेतली. ही पावडर म्हणजे शंखजिऱ्याची पूड. ती नळ्यांवर आणि सांध्यांवर हलक्या हाताने भुरभुरली. कोरड्या शंखजिऱ्याचा पांढरा रंग डिझेलचा अंश लागताच करडा होतो. मोठ्या कर्मशाळांत इंधनात एक रंगद्रव्य घालून जंबुपार प्रकाशात पाहण्याची सोय असते. ती नसेल तेथे शंखजिरे पुरते. एवढे झाल्यावर पुतण्याने हीटर चालू केला, आणि मी धुराच्या नळीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दिवा रोखून बसलो. गाडीत कोणी नव्हते.

पहिल्या खेपेला ज्योत पेटली नाही. पुतण्या म्हणाला, ''काका, हे पंधरा दिवस असंच चाललंय. दुसऱ्या खेपेला पेटतो. मला वाटलं बॅटरी कमजोर झाली असेल, नाहीतर थंडीनं डिझेल गोठत असेल.'' बॅटरीची शंका रास्त होती, कारण पिन तापविताना हा हीटर आठ-दहा अँपिअर वीज घेतो. परंतु गाडीतले दिवे त्या वेळी मंदावत नव्हते. डिझेल गोठण्याची शंकाही टिकणारी नव्हती. जर्मनीत हिवाळ्यात विकले जाणारे डिझेल शून्याखाली वीस अंशांपर्यंत गाळणीतून गेले पाहिजे असा दंडक आहे, आणि ही टाकी आठवड्यापूर्वीच भरलेली होती. मी ती गोष्ट मनात टिपून ठेवली.

दुसऱ्या खेपेला ज्योत पेटली. पंपाची टिकटिक सुरू होतीच. हीटरच्या बुडाशी शंखजिरे पांढरेच राहिले. पहिली पाच मिनिटे काहीच घडले नाही. मग हीटरपासून जवळजवळ दोन हात मागे, पंपाच्या पुढच्या तोंडाशी जो सांधा होता, त्याच्या खालच्या बाजूला एक करडी रेघ उमटली. रेघेचा थेंब झाला. तो खाली पडला नाही. पंपाची विजेची तार तेथून हीटरकडे किंचित उताराने गेली होती. तिच्यावर बसून तो निघाला, आणि हीटरच्या खाली येऊन बर्फावर उतरला. पाणी शिरले होते तेथे, उतरले होते येथे.

आता पुतण्याच्या पंधरा दिवसांच्या तक्रारीचाही उलगडा झाला. ज्या फटीतून पंप चालू असताना डिझेल बाहेर येते, त्याच फटीतून पंप बंद असताना हवा आत शिरते. दुसऱ्या दिवशी हीटर लावला की पहिले कित्येक ठोके इंधनाऐवजी हवाच ढकलतात, ठरलेल्या वेळात ज्योत पेटत नाही, आणि यंत्र पुन्हा प्रयत्न करते. तोवर नळी भरलेली असते. दोन तक्रारींचे मूळ एक निघाले की निदान बरोबर असल्याची खूण समजावी. ज्या कारणाने एकच लक्षण समजते आणि दुसरे तसेच लोंबकळत राहते, ते कारण मी तरी पुन्हा तपासून घेतो.

सांध्याकडे नीट पाहिले. नळी कठीण प्लास्टिकची, आतून जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. ती इतकी अरुंद असण्याला कारण आहे. रुंद नळीत हवेचे बुडबुडे वर जमून राहतात, अरुंद नळीत ते इंधनाबरोबर पुढे ढकलले जातात. ह्या नळीचे टोक आणि पंपाचे तोंड ह्यांवर रबराची एक आखूड बाही चढविलेली असते आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळलेल्या असतात. आमच्या गाडीवर ज्या कोणी हे काम केले होते, त्याने पाण्याच्या जाड नळीला लावतात तसल्या पेचाच्या मोठ्या पट्ट्या वापरल्या होत्या. एवढ्या लहान बाहीवर अशी पट्टी गोल बसत नाही. ती लंबगोल होते, दोन ठिकाणी रबराला चावते आणि पेचाच्या घराखाली फट ठेवते. उन्हाळ्यात मऊ रबर ती फट भरून काढते. थंडीत रबर कडक होते, आकसते, आणि पंपाच्या प्रत्येक ठोक्याला त्या फटीतून इंधनाचा अंश बाहेर डोकावतो. श्टुटगार्टच्या तळघरातील उबदार जागेत तपासलेला सांधा तेथे कोरडा होता, तो ह्यामुळे.

पुतण्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तळाखाली शिरला आणि त्याने पट्टी दोन वेढे आवळली. आम्ही घड्याळ लावून पाहिले. आधी मिनिटाला दोन थेंब पडत होते, ते आता पाच मिनिटांना एक झाले. त्याचा चेहरा खुलला. ''काका, वीस थेंबांचा एक मिलिलिटर. रात्रभरात जेमतेम एक चमचा डिझेल. बाहेर बर्फात पडणार. चालवू या रात्रीपुरता. पोरीला थंडी सोसणार नाही.''

हिशेब चुकीचा नव्हता. मुलीची काळजीही खरी होती. अशा वेळी जुन्या माणसाने केवळ 'नको' म्हणून भागत नाही, कारण द्यावे लागते. मी त्याला धुराच्या नळीजवळ नेले. ती नळी हाताला लावता येणार नाही इतकी तापते, म्हणून तिच्याभोवती उष्णता न वाहणाऱ्या तंतूंचे कापड गुंडाळलेले होते. तारेवरून येणारा थेंब ह्या कापडाच्या कडेवरून जात होता. मी फडके लावून पाहिले. कापडाची कड डिझेलने भिजलेली होती. वास येत होता तो येथूनच.

मी म्हणालो, ''अरे, समईतल्या तेलाला नुसती काडी लावून ते पेटतं का? नाही. पण वातीला लावली की रात्रभर जळतं. डिझेलचंही तसंच आहे. बर्फावर सांडलेल्या डिझेलची मला भीती नाही. पंचावन्न अंशांच्या खाली त्याची वाफ पेट घेत नाही. पण तापलेल्या नळीभोवती तेलात भिजलेलं कापड म्हणजे वातच. आपण आपल्या हातानं समई मांडली आहे, आणि तिच्यावर मूल निजवणार आहोत. आणि तुझा तो पाच मिनिटांचा थेंब पहाटेपर्यंत पाच मिनिटांचाच राहील, हे तुला कोणी सांगितलं? तू आत्ता कडक रबर आणखी चावलं आहेस. पारा अजून पाच अंश उतरायचा आहे.''

तो काही बोलला नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला आणि हीटरचा फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. पंप बंद असता गळती थांबणार होती, कारण टाकीची पातळी त्या सांध्याच्या खाली होती आणि इंधन आपण होऊन वर चढणार नव्हते. टाकी उंच असती, तर पंप बंद करूनही भागले नसते.

मुक्कामाच्या जागेच्या मालकाला आम्ही अडचण सांगितली. त्याने अडगळीतून तेलाने भरलेला विजेचा एक रेडिएटर काढून दिला, तेथील विजेची तार आमच्या गाडीला जोडून दिली आणि सकाळी परत आणून द्या एवढेच म्हणाला. रात्र उबेत गेली असे म्हणता येणार नाही, परंतु शांतपणे गेली. पहाटे मी एकदा उठून पाहिले. छोटी दोन रजयांच्या खाली गाढ झोपली होती आणि तिचे हात ऊन होते.

सकाळी आम्ही फ्रायबुर्गला जाऊन वस्तू घेतल्या. हातभर नळी, वीतभर रबरी बाही, योग्य मापाच्या चार लहान पट्ट्या आणि नव्या कापडाची एक गुंडाळी. त्या सगळ्यांची किंमत आदल्या दिवशीच्या दुपारच्या जेवणाहून कमी होती. काम तासाभराचे. नळीचे जुने टोक पकडीने तोडलेले, चेपलेले आणि तिरपे होते. ते धारदार पात्याने काटकोनात कापून काढले. बाहीच्या आत नळीचे टोक आणि पंपाचे तोंड एकमेकांना टेकतील असे बसविले, कारण मध्ये पोकळी राहिली तर तेथे हवा साचते. प्रत्येक टोकाला मापाची पट्टी लावली. पंप आडवा टांगलेला होता, तो तोंड किंचित वर येईल असा तिरपा केला, म्हणजे बुडबुडे अडून न राहता पुढे जातील. नळी आणि तार ह्या दोहोंची वाट धुराच्या नळीपासून दूर वळविली. भिजलेले कापड काढून टाकले, धातू स्वच्छ पुसला, आणि ते झाल्याशिवाय हीटर पेटविला नाही. मग पुन्हा शंखजिरे, पुन्हा कागद आणि अर्धा तास टिकटिक. शंखजिरे पांढरे राहिले. तरी मी समाधान मानले नाही. जो सांधा थंडीत गळला, त्याची परीक्षा थंडीतच व्हावयास हवी. म्हणून त्या रात्रीही आम्ही विजेचा रेडिएटर जवळ ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, पारा सर्वांत खाली असताना, हीटर लावून पाहिला. तो पहिल्याच खेपेला पेटला. सांधा कोरडा होता.

प्रत्येक वेळी गळती ह्याच सांध्याला सापडेल असे नाही. परंतु वास कोणत्या वेळी येतो हे नीट टिपून ठेवले, तर अर्धे निदान घरबसल्या होते. टाकी काठोकाठ भरल्यावर आणि वळणांवरच वास येत असेल, तर टाकीच्या माथ्यावर जेथे हीटरची नळी आत शिरते तो सांधा पाहावा. हीटर चालू असतानाच तळाखाली थेंब पडत असेल, तर पंपाच्या पुढचे सांधे पाहावेत. पंपाच्या मागच्या, म्हणजे टाकीकडच्या सांध्याला फट असेल, तर बहुधा थेंब पडतच नाही. पंप इंधनाबरोबर हवा ओढतो आणि ज्योत अडखळते. हीटर पेटताना किंवा विझतानाच क्षणभर वास येत असेल आणि वारा उलटा असेल, तर तो बहुधा खिडकीतून आत आलेला धूर असतो. पांढरा दाट धूर निघत असेल, तर पूर्वीच्या फसलेल्या प्रयत्नांचे न जळलेले इंधन आत साचलेले असते. अशा वेळी पुनःपुन्हा बटण दाबीत बसणे म्हणजे त्यात भर घालणे होय. आणि गरम हवेबरोबरच डिझेलचा किंवा धुराचा वास खोलीत येत असेल, तर मात्र निदानाच्या फंदात पडू नये. माणसांची हवा आणि ज्योतीची हवा ह्यांच्यामधला पडदा फाटला असण्याचा संभव असतो. हीटर बंद करावा, दारे उघडावीत, आणि जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय तो पुन्हा लावू नये. घंटी वाजली तर कारण शोधीत आत थांबू नये. आधी सर्वांनी बाहेर पडावे. घंटी वाजली नाही म्हणून वासाकडे दुर्लक्षही करू नये, कारण तिला डिझेल कळत नाही.

परतीच्या वाटेवर पुतण्याने विचारले, ''काका, ज्यानं ही पट्टी लावली त्याला एवढं कळलं नसेल?'' मी म्हणालो, कळले असेलही. हाताशी योग्य पट्टी नसेल, दिवस मावळत आला असेल, गाडी उबेत उभी असेल आणि सांधा कोरडा दिसला असेल. चुकीचे काम करणारा मनुष्य बहुधा दुष्ट नसतो. तो फक्त त्या थंड रात्रीचा आणि त्या फळीवर निजलेल्या मुलाचा विचार करीत नाही. कारागिरी म्हणतात ती हीच. जो दिवस आपल्यासमोर नाही, त्या दिवसाचा विचार करून सांधा जोडणे.

आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी कितपत होता? मी स्वतः पहिल्याच दृष्टिक्षेपात हीटर खोलावयास निघालो होतो. तो खोलला असता, तर एक निर्दोष यंत्र उघडून मी त्यात नवा दोष घातला असता आणि खरा सांधा तसाच ठिबकत राहिला असता. अनुभवाचा हाच मोठा धोका आहे. तो माणसाला उत्तर लवकर सुचवितो. घरात, कचेरीत, समाजातही आपण असेच करतो. जेथे थेंब पडतो त्याच्यावर ठपका ठेवतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा, चुकीचे बिल देणारा कारकून, उशिरा आलेला टपालवाला, हे सारे थेंब पडण्याच्या जागा आहेत. पाणी शिरते ते बहुधा वर कोठेतरी, आढ्याजवळ. ते शोधावयाचे तर आधी सगळे कोरडे पुसून घ्यावे लागते, मग थोडे शंखजिरे भुरभुरावे लागते, आणि मुख्य म्हणजे, हातात पाना असूनही, पाच मिनिटे गप्प बसून पाहावे लागते.

त्या प्रवासातील हीटरचा तो लहान फ्यूज पुतण्याने माझ्याकडून परत मागून घेतला. ती जुनी पट्टी मात्र मी घेऊन आलो. ती माझ्या मेजावर आहे. कोणी घाईघाईने काही निर्णय सांगावयास आला, की मी ती त्याच्या हातात देतो आणि विचारतो, ''ही गोल आहे का, जरा पाहता?''